माझ्या पेशींचं वय एकतीस

२ फेब्रुवारी, रविवार
काल धसईला जाऊन आलो. दामिनीचं ठरलं. दामिनी म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीची, संजीवनीची धाकटी. मुलगा मुरबाडचा, भाविक नाव. चांगला वाटला, कमी बोलतो. लग्न अकरा मेला.

आमच्याकडे नवरीला गावदेवीच्या देवळापासून मांडवापर्यंत मामा उचलून आणतो. मध्ये पाय जमिनीला लागता कामा नये. थोरलीच्या, पूजाच्या लग्नात माझी कंबर धरली होती (खरोखर धरली होती), म्हणून माझ्या चुलतभावाने, कोंडूने उचललं. त्याला आठ वर्षं झाली. संजीवनीने तो अल्बम मला अजून दाखवलेला नाही. काल चहाचा कप समोर आदळून म्हणाली, सख्खा भाऊ धडधाकट असून पोरगी दुसऱ्याच्या हातांवर मांडवात आली, ता मी एकदा बघितलाय, परत नाय बघायची. दामिनी तर म्हणाली, मामा, मला कोंडूमामा नको, तूच हवास. नायतर मी आपली चालत येईन.

डोळ्यांत पाणी आलं. लगेच हो म्हणालो. वजन नंतर विचारलं. बासष्ट.

३ फेब्रुवारी, सोमवार
सत्त्याण्णव दिवस हातात आहेत. घाबरण्याचं काहीच कारण नाही. दुसरा कोणी असता तर जिमला पळाला असता. मी बावीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवतोय. ताकद दंडात नसते, पेशीत असते.

नोंद असावी म्हणून हिशेब इथे मांडून ठेवतो. स्नायूच्या पेशीला काम करायला एटीपी, म्हणजे तयार ऊर्जा, लागतं. पहिले आठ-दहा सेकंद साठवणीतलं चालतं. मग ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय फोडलं जातं. झटपट काम, पण पाय भरून येतात. त्यापुढे लांबची मजल मारायची तर तंतुकणिका लागतात. त्या ऑक्सिजन घेऊन शांतपणे एटीपी बनवत राहतात. देऊळ ते मांडव एकशे चाळीस पावलं. ओझं घेऊन दोन मिनिटं धरू. म्हणजे पहिली दहा-बारा पावलं साठवणीवर, मधली ग्लुकोजवर आणि शेवटची तंतुकणिकांच्या जिवावर. तंतुकणिका वाढवायच्या, बस्स. नेमाने चाललं की दोन महिन्यांत वाढतात, हे सिद्ध झालेलं आहे. कोंडूला यातलं काही ठाऊक नाही. तो नुसता उचलतो.

चंद्रकलेला (बायको) सगळं समजावलं. ती म्हणाली, सर, तुमी रोज सकाळी माझ्यासंगती शेतात भेंडीवर चला नि दोन-दोन कॅरेट रस्त्याला आणून टाका. मेपर्यंत दामिनीलाच काय, नवऱ्यालापण उचलाल. मी सांगितलं की तो बाहेरचा भार झाला, आधी आतून तयारी व्हावी लागते. बरं म्हणाली आणि चुंबळ शोधायला गेली. विज्ञानाची आवड असावी लागते माणसाला.

९ फेब्रुवारी, रविवार
दामिनीने माझ्यासाठी फिटनेसचं घड्याळ पाठवलं! तिच्या पहिल्या बोनसमधून. घेऊन आला तिचा भाऊ प्रणित. त्यानेच माझ्या मोबाइलमध्ये अॅप टाकून दिलं. पावलं मोजतं, हृदयाचे ठोके मोजतं, आठवड्याला रिपोर्ट देतं. नाव जीवन वेखंडे, वय ४७, वजन ७८, पुरुष. पहाटे पाचचा गजर लावला. पट्टा सहाव्या भोकात बसतो.

उद्यापासून पाच वाजता तासभर वेगाने चालणे. रोज. पाऊस आला तरी. (फेब्रुवारीत येत नाही, पण निश्चय निश्चय असतो.)

१० फेब्रुवारी
घड्याळ चार्जिंगला लावून ओटीवरच्या फळीवर ठेवलं होतं. पाचला गजर झाला. उठून बंद करावा असं मनात येतंय तोवर आपोआप बंद झाला. चांगली सोय आहे. सात दहाला जाग आली. झोपेत स्नायूंची डागडुजी होते, त्यामुळे पहिला दिवस वाया गेला असं म्हणता येणार नाही.

१४ फेब्रुवारी
गजर रोज आपोआप बंद होतो. याबद्दल कंपनीला लिहायला हवं. सकाळ जमत नाही तर संध्याकाळ ठरवली. शाळेतून आल्यावर नाक्यापर्यंत जाऊन येणे. आज गेलो. नाक्यावर गरम भजी निघत होती. ग्लुकोजचा साठा भरून ठेवणं हा ट्रेनिंगचाच भाग आहे.

१८ फेब्रुवारी
कमाल! शाळेत जाण्यासाठी साडेनऊला घड्याळ हातात घातलं तर आधीच आठ हजार सातशे पावलं झालेली. मी तर उठून चहा, पेपर आणि अंघोळ एवढंच केलं होतं. आधी वाटलं बिघडलं. मग विचार केला. घड्याळ चीनचं आहे. तिकडे दिवस आपल्याआधी उजाडतो. म्हणजे माझं संध्याकाळचं चालणं ते दुसऱ्या दिवसाच्या खात्यात टाकत असणार. एकदा कारण सापडलं की भीती जाते, हे मी मुलांना नेहमी सांगतो.

नाक्यापर्यंत आठ हजार पावलं आहेत हे मात्र माहीत नव्हतं. पायांना पटकन कळत नाही.

२ मार्च, रविवार
तिसरा साप्ताहिक रिपोर्ट. रोजची सरासरी पंधरा हजार तीनशे. कार्डिओ फिटनेस: उत्तम. चढावर चालताना ठोके फार वाढत नाहीत, असं खाली लिहिलंय. फिटनेस वय ३६!!

सत्तेचाळिसाव्या वर्षी छत्तीस. दोनदा वाचलं. चंद्रकलेला दाखवलं. ती तवा खाली उतरवत होती. म्हणाली, छान हाय, पण गजर जरा पावणेपाचचा करा, भाजीचा टेम्पो आता लवकर येतो. लगेच करून दिला. घरातला एक माणूस शिस्तीत आला की घराला शिस्त लागते.

६ मार्च
नववीच्या वर्गात पेशीश्वसन काढलं. स्वतःचंच उदाहरण फळ्यावर घेतलं. व्यायामाने पेशीत तंतुकणिका वाढतात, केशवाहिन्या वाढतात, तेच काम कमी दमात होतं आणि म्हणून हृदयाला आराम मिळतो. एका पेशीतला बदल सबंध शरीराला कसा फिट करतो, बघा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. स्टाफरूममध्ये पीटीच्या सरांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी आधी रिपोर्ट पाहिला, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि शिट्टी घेऊन मैदानावर निघून गेले. असूया वाईट.

जिना चढून वर्गात गेल्यावर हजेरी घ्यायला दोन मिनिटं थांबावं लागतं. आवाज बसतो. फेब्रुवारीची धूळ असते हवेत, ती अजून गेलेली नाही.

१३ मार्च, होळी
पुरणपोळ्या पाच. कार्बो-लोडिंग. मोठे धावपटू शर्यतीच्या आधी करतात. मी थोडा अगोदर करतोय इतकंच.

२० मार्च
मनगटाला खाज. घड्याळाच्या पट्ट्याखाली लाल पुरळ आलंय. पट्ट्यालाही काहीतरी हिरवट, चिकट लागलेलं होतं. चंद्रकलेने हात उलटा करून बघितला आणि म्हणाली, ही तर भेंडीची लव. मी म्हटलं, अगं, मकर संक्रांतीपासून मी तुझ्या भेंडीत पाऊल टाकलेलं नाही, मला लव कुठून लागणार? ती हसली. मग म्हणाली, तुमी पट्टा पुसत जा, मी बी पुसते.

कारण वेगळं आहे. पेशींचा चयापचय जोरात चालला की उष्णता तयार होते, नको ते घामावाटे बाहेर पडतं. म्हणजे हिरवट ते माझ्या शरीरातलंच. किती वर्षांचं साठलेलं असेल! पुरळ बरं होईपर्यंत घड्याळ फक्त शाळेत घालायचं, घरी आल्यावर काढून फळीवर.

२३ मार्च, रविवार
गंमत म्हणजे घड्याळ कमी घालूनही रिपोर्ट आणखी सुधारला. फिटनेस वय ३१.

एकतीस! मी खरोखर एकतीस वर्षांचा होतो तेव्हाही इतका फिट नव्हतो. तेव्हाही शाळेचा जिना चढताना धाप लागायची. स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माझ्या पेशींचं वय एकतीस.' दामिनीने दहा बदाम पाठवले. संजीवनीने लिहिलं, दादा, आता काळजी मिटली माझी. कोंडूने नुसता अंगठा. त्याला बोचलं असणार.

३० मार्च, पाडवा
चंद्रकलेने गुढीला घड्याळही बांधलं. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, ह्याचा लई उपयोग व्हतो मला, एकदाबी टेम्पो चुकला नाय. आणि पावलं पण कळतात, काल बारा हजार झाली नुसत्या सकाळची. तिला म्हटलं, माझी पावलं तू कशाला मोजतेस, तू तुझं काम कर. तिने गुढीवरच्या घड्याळाचा पट्टा घट्ट केला आणि ती आत गेली. माझ्या प्रगतीत ती एवढं लक्ष घालते हे पाहून बरं वाटलं. दाखवत नाही, पण असतं.

श्रीखंड दोन वाट्या. तिसरी आग्रहाची.

१३ एप्रिल, रविवार
आज प्रत्यक्ष चाचणी. घरातलीच तांदळाची गोणी, पन्नास किलो. गुडघ्यापर्यंत आली. तिथून पुढे तिची तयारी दिसेना.

निष्कर्ष घाईने काढायचा नाही. एक, गोणी निर्जीव असते, ती सहकार्य करत नाही. भाची गळ्यात हात टाकेल, तोल सांभाळेल. दोन, दुपारी दीडची वेळ, ऊन. तीन, चप्पल.

कंबरेला मलम लावलं. चंद्रकलेने चोळून दिलं. चोळता चोळता म्हणाली, कोंडूभावजींना सांगून ठेवू का. मी इतका चिडलो की पालथा पडूनच भांडलो. तिला सरळ विचारलं, एकतीस वय कोणाचं आलंय, माझं की कोंडूचं? तिने मलमाचं झाकण लावलं. वादात पुरावा लागतो.

२० एप्रिल
सजीव भाराची चाचणी. दुपारी घरात कोणी नसताना चंद्रकलेला उचललं. तिचं वजन बावन्न. चार पावलं गेलो. पाचव्याला ती आपणच खाली उतरली, कारण म्हणे माझे डोळे बाहेर आले होते. खूप हसली. मग म्हणाली, तुमी हातांवर घेताय, हातांत काय ताकद असते, ओझा पाठीवर नायतर कमरेवर घ्यायचा. पाय रुंद टाकायचे, गुडघ्यात बसून उठायचं, नि श्वास आडवून नाय धरायचा, सोडत जायचा. आणि दाखवायचं म्हणून मलाच पाठुंगळी घेऊन ओटीवरून अंगणात जाऊन आली. अठ्ठ्याहत्तर किलो. फळीवरच्या डब्यांना माझं डोकं लागलं तेवढंच.

ठीक आहे, सवयीचा भाग आहे. शास्त्रीय पाया नाही त्याला.

मात्र श्वासाचं तिचं म्हणणं बरोबर आहे. ऑक्सिजन आत गेला नाही तर तंतुकणिका करणार काय. हे तिला कोणी शिकवलं देव जाणे.

२७ एप्रिल, रविवार
सकाळी कोंडू आला. सोबत दोन कलिंगडं. बसला, पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला. मग हळूच म्हणाला, सर, राग मानू नका, मी त्या दिवशी तुमच्या मागंच उभा राहीन, कोणाला कळायचा नाय, वेळ पडली तर हात लावीन. मी त्याला स्पष्ट सांगितलं की त्याची गरज पडणार नाही आणि रिपोर्ट दाखवला. यावेळी तिशी! एक वर्ष अजून उतरलं. कोंडूने मोबाइल लांब धरून वाचला आणि म्हणाला, बरा हाय, बरा हाय, पन गोणी उचलली का.

ही बातमी बाहेर कोणी नेली?

तो गेल्यावर मन लागेना. पूजाच्या लग्नाची आठवण आली. कंबर धरली होती हे खरं. पण सकाळी थोडी सुटली होती हेही खरं. मी खुर्चीतून उठलो नाही, कारण उठलो आणि जमलं नाही तर सगळ्यांसमोर शोभा होईल असं वाटलं. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिलं तर चालतं, इथे कोण वाचणार आहे.

४ मे, रविवार
स्पर्धेच्या आधीचा आठवडा विश्रांतीचा असतो. पूर्ण विश्रांती. माझी खरं तर फेब्रुवारीपासूनची तयारी बघता शरीराला ती हवीच होती. घड्याळ मात्र थांबायला तयार नाही, आज आराम करूनही सोळा हजार. तंतुकणिका एकदा सुरू झाल्या की झाल्या.

१० मे, शनिवार. धसई
हळद झाली. संध्याकाळी देऊळ ते मांडव पावलं मोजायला गेलो. घोळ झाला. देवळाला नवीन सभामंडप बांधलाय, त्यामुळे रस्ता वळसा घेऊन येतो. एकशे छप्पन्न. शिवाय मांडवाच्या तोंडाशी तीन पायऱ्या.

दामिनी हळदीच्या अंगाने अंगणात बसली होती. मला पाहून म्हणाली, मामा, तुला झेपणार ना रे, खरं सांग, मी कोणाला नाय सांगणार. मी म्हटलं, पोरी, तू फक्त गळ्यात हात टाक. ती म्हणाली, मला लहानपणी तू बंधाऱ्यावरून खांद्यावर आणायचास तसंच ना. तेव्हा ती चौदा किलोची होती. तिला ते सांगितलं नाही.

झोप नीट लागेना.

११ मे, रविवार. दुपारी चार
आत्ता लिहिवत नाही.

१२ मे, सोमवार
लिहायला तर हवं. नोंद नोंद असते.

सकाळी साडेदहाला देवळाशी जमलो. दोनेकशे माणसं. बँड. मी नवीन सदरा घातलेला, दंड जरा घट्ट बसत होता, ते मी स्नायूंचं मानलं. संजीवनी म्हणाली, दादा, शालूचा जरीकाठ घड्याळात अडकेल, काढून ठेव. काढलं आणि चंद्रकलेच्या हातात दिलं.

गावातल्या थोरल्या धोंडूबाईंनी नारळ फोडला. मी दामिनीला हातांवर घेतलं. उचलली! पहिली दहा पावलं अगदी झोकात. साठवणीतलं एटीपी, क्रिएटिन फॉस्फेट, सगळं पुस्तकातल्यासारखं. बँडवाले ओळखीचं काहीतरी वाजवत होते. संजीवनी चालता चालता रडत होती, चांगलं रडणं. मला वाटलं, हे मी आठ वर्षांपूर्वीच करू शकलो असतो.

पंधराव्या पावलाला पोटऱ्या भरून आल्या. लॅक्टेट. अपेक्षित होतं. म्हटलं आता तंतुकणिका हाती घेतील. अठराव्याला घेतलं नाही. विसाव्यालाही कोणी घेतलं नाही. दामिनी हळूहळू खाली सरकायला लागली. तिचा पाय जमिनीपासून वीतभर राहिला असेल. तिने कानात विचारलं, मामा, सोडतोस का. मी नाही म्हणालो, पण आवाज आलाच नाही. मागून कोंडू पुढे झाला. गुडघे वाकले, आता सगळंच खाली येणार, एवढ्यात दामिनी ओरडली, कोंडूमामा नको. बिचारा कोंडू तिथल्या तिथे हात पुढे करून उभा राहिला.

तेव्हा चंद्रकला आली. पदर खोचलेला. माझ्यापुढे पाठ करून, पाय रुंद टाकून खाली बसली आणि म्हणाली, ये गो, बस पाठीवर. दामिनी माझ्या हातांवरून सरळ तिच्या पाठीवर. पाय जमिनीला लागला नाही. चंद्रकला गुडघ्यातून उठली, श्वास सोडत, आणि चालू लागली. शालू, मुंडावळ्या, बासष्ट किलो, सगळं घेऊन. जणू टेम्पो उभा आहे आणि दोन कॅरेट टाकायचे आहेत.

लोकांत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, हे रीतीत बसत नाय, मामाच लागतो. धोंडूबाईंनी काठी आपटून सांगितलं, मामी म्हंजे मामाचाच हात हाय, बँड का बंद झाला रे. झाला निकाल. मला म्हणाल्या, मास्तर, तुमी निदान तिचा पदर तरी धरा. मग मी पदर धरून मागे चाललो. चालताना धाप लागली होती. ओझं काहीच नव्हतं.

मांडवाच्या तीन पायऱ्यांवर माझ्या खिशातला मोबाइल थरथरला. नवऱ्याकडच्यांचा फोन असेल म्हणून काढला. अॅप होतं. 'व्यायाम सुरू झाल्याचं दिसतंय. छान चाललं आहे, जीवन! ठोके १३६. असंच चालू ठेवा.'

माझं मनगट रिकामं होतं. पुढे बघितलं. घड्याळ चंद्रकलेच्या मनगटावर, आणि पट्टा तिसऱ्या भोकात. त्या भोकाशी पट्ट्याला वळ पडलेला. माझं सहावं भोक नव्याइतकं कोरं. मी विज्ञानाचा माणूस आहे. निरीक्षण समोर आलं की नाकारायचं नसतं. पावणेपाचचा गजर, आपोआप बंद होणारा. सकाळची आठ हजार. हिरवट, चिकट. लव. चढावरचे ठोके. टेम्पो.

प्रणित माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये बघत होता. तो फार हुशार मुलगा आहे. त्याने आधी मामीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तोंडाला रुमाल लावला. जेवणाच्या पंगतीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. वाढपी मला जिलबी वाढताना म्हणाला, घ्या, एकतीस वर्षांचं पोरगं हाय, खाऊ द्या. भाविकसुद्धा हसला. तो कमी बोलतो, पण हसतो मोठ्याने.

परत येताना एसटीत चंद्रकलेला विचारलं, मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, किती वेळा सांगितलं. पाडव्याला सांगितलं, लवेचं सांगितलं. मला वाटलं तुमाला ठावं हाय. फळीवर ठेवता, गजर लावून देता, मला वाटलं मला उठवायलाच ठेवता. मग खिडकीबाहेर बघून म्हणाली, मला मेलीला वाटलं, कधी नव्हं ते माझ्यासाठी काहीतरी केलंत.

 

१४ मे, बुधवार
अॅपमध्ये नाव बदललं. चंद्रकला वेखंडे. वय ४४, वजन ५२, स्त्री. तिने विचारलं, आता माझा किती आला. आकडे बदलले की नव्याने मोजायला आठ दिवस लागतात, असं लिहून येतंय. ती म्हणाली, राहू दे, मला ठावं हाय माझं वय.

घड्याळ तिच्या हातात बांधून दिलं. तिसऱ्या भोकात. म्हटलं, हे तुझं. ती म्हणाली, माझाच तर व्हता.

१५ मे
पावणेपाचला उठलो. गजराने नाही, तिने पांघरूण ओढलं. भेंडीवर गेलो. हातमोजे घातले तरी लव चावते. तोडणी जमली नाही, जून भेंड्या तोडल्या म्हणून ओरडा खाल्ला. एक कॅरेट उचलून रस्त्याला निघालो. चढ आहे तो, घरून दिसत नाही एवढा. तीन ठिकाणी थांबलो. तोवर ती दोन-दोनच्या तीन फेऱ्या करून टेम्पोवाल्याशी बोलत उभी होती. टेम्पोवाला म्हणाला, सर, आज पायी कुठं.

पोटऱ्या भरून आल्यात. बसल्यावर उठवत नाही. पण पुस्तकात लिहिलंय ते आज पहिल्यांदा पायाला कळलं.

१८ मे, रविवार
दामिनीचा फोन आला. मी ओशाळून आधी इकडचं तिकडचं बोललो. ती म्हणाली, मामा, पुरे कर. मी मोजत होते. तू मला तेवीस पावलं आणलंस. सासरी सगळ्यांना सांगितलंय, माझ्या मामाने आणलं नि मामीने पोचवलं. आईने परवा अल्बमच्या फोटोवाल्याला बजावलंय, पहिला फोटो दादाचा लाव.

फोन ठेवल्यावर अॅप उघडून बघितलं. अकरा मे, सकाळी साडेदहानंतरची सगळी पावलं चंद्रकलेची आहेत. माझ्या तेवीस पावलांची कुठेच नोंद नाही, कारण त्या वेळी घड्याळ माझ्या हातात नव्हतं. म्हणून इथे करून ठेवतो.

तेवीस पावलं. सख्खा मामा, वय ४७.

त्यातली दोन मागे गेली होती. दामिनीने तीपण मोजली आहेत.